ऑल्डमेअर घराण्याचा रॉजर

"ह्यू ऑल्डमेअर! जन्म बाराशे एकवीस! मृत्यू बाराशे सत्तर, घोड्यावरून पडून!"

भानुदासजींचे डोळे मिटलेले होते. टोकियोजवळच्या उरायासुतल्या आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये जमलेली साठ माणसं मात्र डोळे फाडून आपापल्या मोबाईलकडे बघत होती.

"बरोबर!" आमच्या इमारतीतल्या लीलावतीबाई जवळजवळ ओरडल्याच. "अगदी सालासकट बरोबर!"

हॉलभर टाळ्या. भानुदासजी डोळे न उघडता पुढच्या पिढीवर गेले. इंग्लंडातलं तेराव्या-चौदाव्या शतकातलं एक सरदार घराणं, त्याच्या सात पिढ्या, बायका-मुलांसकट, तारखांसकट. हातात कागद नाही, कानात यंत्र नाही. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," ते दर पाच मिनिटांनी म्हणत, "इंटरनेटवर ताडून बघा!" माणसं ताडून बघत होती आणि हात जोडत होती.

हे गृहस्थ पुण्याहून आलेले. त्यांचं म्हणणं असं, की तेराव्या शतकात ते ह्या घराण्याचे धर्मगुरू होते आणि त्या घराण्यातले आत्मे आता मराठी घरांत जन्म घेऊन टोकियोच्या खाडीकाठी जमले आहेत.

"पण इंग्लंडातून जपानला कसे आले?" मी विचारलं.

"बेटावरचा आत्मा बेटच शोधतो, ताई."

"मग मध्ये पुण्याला कशाला उतरला?"

"संस्कारांसाठी!" पुन्हा टाळ्या.

मी कश्मिरा. इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. दिवसभर लोकांच्या चुका शोधून माझा स्वभावच संशयी झालाय, असं सगळे म्हणतात. म्हणोत. पण साठ जणांत एकाचाही आत्मा घोड्याची लीद काढणारा निघू नये? ऑफिसात दिवसभर "सुमिमासेन, सुमिमासेन", म्हणजे "माफ करा" करत वाकणारा आमचा शेजारी रणजित मागच्या जन्मीचा किल्लेदार निघाला. लीलावतीबाई तर थेट सरदारीण. ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं ते साहेब मुळात आपणच होतो, हे ऐकून कुणाला गुदगुल्या होणार नाहीत?

इथवर सगळी करमणूकच होती. मग भानुदासजींनी रणजितच्या मुलीला पुढे बोलावलं.

तिचं नाव पूर्वी, वय नऊ वर्षं. तिला अपस्माराचा त्रास आहे. पण रोजच्या गोळ्यांमुळे दोन वर्षांत एकही झटका आला नव्हता. तिच्या आईनं, स्वरूपानं, कार्यक्रमाच्या नोंदणी अर्जात हे सगळं भरून दिलं होतं. तोच अर्ज भानुदासजींनी समाधी लावून परत वाचून दाखवला.

"ही ह्यूचा धाकटा मुलगा रॉजर! ह्यानं एक पाणचक्की जाळली, आत माणसं होती. त्यांचा शाप हिच्या अंगात थरथरतो आहे. चाळीस दिवस गोळ्या बंद. औषध शापाला आत कोंडून ठेवतं."

बाहेर येताना मी स्वरूपाला गाठलं. "अगं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नकोस."

"तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस, कश्मिरा. त्या माणसाला रॉजरचं नाव, साल, सगळं ठाऊक आहे. मी स्वतः मोबाईलवर पाहिलं."

पुढे मी गप्प बसले. परदेशात आपली माणसं मोजकी, लीलावतीबाई वडीलधाऱ्या, वाईटपणा कोण घेणार? ह्या गप्प बसण्याची आजही लाज वाटते.

घरी येऊन मी ते पान उघडलं, ज्याच्याशी सगळे ताडून बघत होते. त्या घराण्याची एवढी सविस्तर वंशावळ दुसरीकडे कुठे सापडेना. म्हणजे प्रश्न आणि उत्तर एकाच ठिकाणाहून आलेलं. माणसानं पाठ करायचं आणि लोकांनी त्याच पानावर तपासायचं! शाळेत आपण पाढे पाठ केले, तेव्हा आपल्याला कुणी हार घातले नव्हते.

पानाच्या तळाशी ते सांभाळणाऱ्या बाईंचा पत्ता होता. इंग्लंडातल्या निवृत्त शिक्षिका. मी विचारलं, 'ह्यूच्या धाकट्या मुलाबद्दल, रॉजरबद्दल, मूळ कागद कोणता आहे?'

आठवड्यानं उत्तर आलं. 'तुमच्या प्रश्नामुळे मी मूळ नोंद पुन्हा पाहिली. हा रॉजर ऑल्डमेअरांचा नव्हेच. शेजारच्या घराण्यातल्या एकाला मी चुकून ह्यांच्यात बसवलं होतं. ह्यूला एकच मुलगा. चूक माझी. आज दुरुस्ती करते.' खाली आणखी एक ओळ होती. 'ह्यूच्या आईचं नावही मी चुकीचं दिलं आहे. मार्जरी ही त्याची आत्या, आई इडोनिया. कागदाची प्रत मिळाली की पुढच्या आठवड्यात तेही बदलेन.'

दरम्यान स्वरूपानं गोळ्या बंद केल्या होत्या. सहाव्या दिवशी पूर्वी शाळेच्या जिन्यात झटका येऊन पडली. भानुदासजींचा निरोप आला, "उत्तम! शाप बाहेर पडतो आहे." मी ईमेल घेऊन स्वरूपाकडे धावले, तर तिनं दारच उघडलं नाही.

अकराव्या दिवशी, रविवारी दुपारी, त्याच हॉलमध्ये दुसरा कार्यक्रम होता. बाहेर चपलांची रांग आधीपेक्षा लांब. लोक मोबाईल घेऊन बसणार हे माहीत असल्यानं भानुदासजी ताजं पान घोकून आले होते. तीन गावांत मिळून दीडशे जणांना त्यांनी त्या घराण्यात बसवलं होतं. कोणाला कुठे बसवलं हे त्यांच्या तरी काय लक्षात राहणार?

"ह्यू ऑल्डमेअर! पुत्र एकच, वॉल्टर!"

"बरोबर!" हॉल गरजला.

पहिल्या रांगेतून जपानीत बारीक आवाज आला. "रॉजर इनाई."

पूर्वी उभी होती. मग तिनं मराठीत सांगितलं, "रॉजर नाहीये ह्यात. मी कुठे गेले?"

भानुदासजींनी क्षणभरच डोळे उघडले. पण गडी तयारीचा.

"ऐका, ऐका! रॉजर मुक्त झाला! शाप सुटला आणि जगाच्या दप्तरातून त्याचं नावच पुसलं गेलं!"

लीलावतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसं पाया पडायला उठू लागली. आता मात्र मी उभी राहिले.

"महाराज, एकच प्रश्न. तुम्ही त्या घरात राहिलात ना? ह्यूच्या आईचं नाव काय?"

"मार्जरी! साक्षात माउली! तिच्या हातची भाकरी खाल्ली आहे मी."

"बरोबर!" सगळे मोबाईल म्हणाले.

"चूक," मी म्हटलं, आणि हॉलमध्ये त्यांच्यासाठी लावलेल्या मोठ्या पडद्यावर ते ईमेल लावलं. मोठ्यानं वाचलं, मराठीत सांगितलं. "मार्जरी ही आत्या. पानावर ती चूक अजून तशीच आहे, म्हणून ह्यांच्या समाधीतही तीच चूक आहे. रॉजरची चूक पानावर दुरुस्त झाली, तशी ह्यांची आठवणही दुरुस्त झाली. पानाला कळतं तेवढंच ह्यांना कळतं."

"अनुभवापुढे कागदाला काय किंमत, ताई?"

"मग आम्हाला कागदाशी ताडायला कशाला लावलंत?"

तेवढ्यात स्वरूपा उठली. तिचा आवाज इतका कापत होता की सुरुवातीचे शब्द कळलेच नाहीत.

"...जिन्यात पडली माझी पोर. तुम्ही म्हणालात, शाप निघतोय. कुणाचा शाप? जो त्या घरात जन्मालाच आला नाही, त्याचा?"

रणजितनं तिथूनच रुग्णालयाला फोन केला. डॉक्टरांनी सांगितलं, स्वतःच्या मनानं गोळ्या सुरूही करू नका, आत्ता घेऊन या. आम्ही टॅक्सीनं गेलो. पूर्वी चार दिवस तिथे होती. आता तिचं औषध पुन्हा नीट बसलं आहे आणि ती सायकलवरून आमच्या दारावरून जाते, तेव्हा मला हाक मारते.

भानुदासजी त्याच आठवड्यात दुसऱ्या देशात गेले. तिथेही आपली माणसं असतील आणि त्यांच्याही हातात मोबाईल असतील. म्हणून हे लिहिते आहे. कुणी चमत्कार दाखवून "ताडून बघा" म्हणाला, तर कशाशी ताडायचं ते त्याला ठरवू देऊ नका. मुलांच्या औषधाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि शंका आली तर त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोला. मला ती पहिल्याच दिवशी आली होती. मी वाईटपणा टाळला, आणि त्याचे अकरा दिवस एका नऊ वर्षांच्या मुलीनं भोगले.