उजवा पाय

समोरचा ट्रक मंदावला तसा नवऱ्याने उजवा पाय रबरी मॅटवर दाणकन दाबला. तिथे ब्रेक नव्हता. ब्रेक बायकोच्या पायाखाली होता, आणि ट्रकचे लाल दिवे लागायच्या आधीच तिने तो हलकेच दाबायला घेतला होता.

"एवढ्या लांबून ब्रेक?" तो म्हणाला. "मागचे शिव्या घालत असतील."

"घालू देत. काचा बंद आहेत."

औषधांची बॅग मागच्या सीटवर टाकून उभी हयात गावोगाव फिरलेला विक्रेता तो. गाडी चालवावी तर आपणच, अशी त्याची ठाम समजूत. निवृत्त झाल्यावर त्याने ही पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड घेतली, ती निव्वळ ॲव्हरेजच्या लोभाने. कंपनी सांगत होती लिटरला सत्तावीस. त्याला अठराच्या वर कधी मिळालं नाही. शोरूममध्ये जाऊन तो अनेकदा भांडून आला. शेवटी तिथला मेकॅनिक त्याच्या शेजारी बसून एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, गाडी ठणठणीत आहे." पुढचं तो बिचारा बोलला नाही.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं, कायमचं. गाडी खाली उभी राहिली आणि हा खिडकीकडे पाठ करून बसू लागला. एक दिवस त्याने स्वतःच गिऱ्हाईक शोधून आणलं.

लेक घाटापलीकडे राहत होती, नातीला नुकते दात येत होते, आणि थेट बस नव्हती. बसच्या पायऱ्या याला धड दिसत नव्हत्या. गाडी गेली की नात फोनवरच मोठी होणार, हे बायकोला लख्ख दिसत होतं. लायसन्स तिच्याकडेही होतं. शिकत होती तेव्हा नवरा दोनदा शेजारी बसला होता, आणि तिसऱ्यांदा तीच बसली नव्हती.

"एकदा मला चालवून बघू द्या," ती म्हणाली होती. "नाही जमलं तर विका. मी चकार शब्द काढणार नाही."

आज लेकीकडे निघाले आणि घाट सुरू झाला तसं इंजिन गुरगुरायला लागलं.

"ॲव्हरेज किती दाखवतंय?" त्याने विचारलं. पडद्यावरचे आकडे त्याला आता पुसट डागांसारखे दिसत.

"सोळा."

"वाटलंच." त्याच्या आवाजात समाधान होतं की काय, ते तिला कळलं नाही. तिने लक्ष रस्त्यावर ठेवलं. जन्मभर तिच्या पायाखाली विजेचं शिवणयंत्र होतं, आणि रेशमी कापडाला लागतो तेवढाच दाब ती ॲक्सिलरेटरला देत होती.

माथा ओलांडला आणि इंजिन गप्प झालं.

"बंद पडली?" त्याचा पाय पुन्हा मॅटवर गेला.

"नाही हो. उतारावर इंजिन आपोआप थांबतं आणि ब्रेक दाबला की बॅटरी भरते. तुम्हीच सांगितलं होतं, गाडी आणली त्या दिवशी."

वळणामागून वळणं गेली. गाडी नुसती टायरांच्या आवाजावर उतरत होती. एवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला, त्याने तो स्पीकरवर घेतला आणि गिऱ्हाइकाचा आवाज गाडीभर पसरला.

"काका, उद्या टोकन घेऊन येतो. फक्त एक विचारायचं होतं, ॲव्हरेज खरंच अठराच आहे? मला जरा कमी वाटतंय."

"थांबा हं." तो तिच्याकडे वळला. "किती दाखवतंय?"

तिने पडद्याकडे पाहिलं. अठरा म्हणाली असती तर त्याला कळलं नसतं. गिऱ्हाईकही कदाचित मागे सरलं असतं.

"चोवीस," ती म्हणाली.

"खरं सांग."

"खरंच चोवीस."

गिऱ्हाईक दोनदा हॅलो हॅलो म्हणालं.

"ऐकताय ना?" नवरा म्हणाला. "अठरा माझं होतं. गाडी चोवीस देते."

"मग तर झकासच, काका. उद्याच येतो."

"येऊ नका. चोवीस देते ती चालवणारीमुळे, आणि ती काही गाडीबरोबर मिळायची नाही." त्याने चाचपडत फोन बंद केला.

तिला एकदम भरून आलं. समोरचा रस्ता धूसर झाला तशी ती पटकन मनगटाने डोळे पुसून सरळ बसली.

"पुढे डावीकडे मोठं वळण आहे," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"मग झालं."

तिने लांबूनच ब्रेकवर पाय ठेवला. त्याने खाली वाकून नाड्या सोडल्या, बूट मॅटवर काढून ठेवले आणि सीटवर मांडी घातली.