हातावरची तुळस

"हात पुढं कर. आन् मागं वढायचा नाय."

सासूचा, कुसाबाईचा तो आवाज पंधरा वर्षं झाली तरी सगुणाबाईच्या कानातून गेला नव्हता. पेठकडच्या जत्रेत पाच वर्षांच्या लेकीला, स्नेहलला, मांडीवर धरून सगुणाबाई स्वतःच बसली होती. कुसाबाई गोंदणाऱ्या बाईला तुळशीवृंदावन कसं काढायचं ते सांगत होती. माणूस जातं तेव्हा अंगावरचं सगळं उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं ती म्हणायची. पोरीने खरंच हात मागे घेतला नाही. पुढे नाशकात आल्यावर, एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम धरल्यावरही, सकाळी पोरीची वेणी घालून झाली की सगुणाबाई त्या हिरव्या तुळशीला बोट लावून कपाळाला लावायची.

तीच तुळस दोन हजार सहा साली आडवी आली.

बारावीनंतर स्नेहलने कॉलेज रोडच्या एका वर्गात हवाई सुंदरीचं शिक्षण घेतलं होतं. मुंबईच्या मुलाखतीत उंची बसली, वजन बसलं, इंग्रजीही निभावलं. मग तिथल्या बाईंनी मनगटापासून कोपरापर्यंत हात दाखवायला सांगितला. बाई वावगं बोलल्या नाहीत. गणवेशाबाहेर गोंदण दिसलेलं चालत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा भरती आहे, तोवर हे काढून ये, एवढंच म्हणाल्या.

लेसरवाल्या डॉक्टरांनी वर्षभर फेऱ्या माराव्या लागतील असं सांगितलं. वर्ष कुठून आणायचं? सगुणाबाईच्या गावाकडे चामखीळ घालवायला बिब्बा लावतात. पोरीला नोकरी लागावी म्हणून तिने सप्तशृंगी देवीला साडी-चोळी बोलली, मंगळवारचा उपास धरला, दिव्यावर बिब्बा तापवला आणि त्याचं तेल तुळशीच्या पानापानावर टेकवलं.

"हात मागं वढायचा नाय," ती म्हणाली, आणि आपण कुणाचे शब्द बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

तिसऱ्या दिवशी हात खांद्यापर्यंत सुजला. फोड फुटले, पू झाला, ताप डोक्यात गेला. विष पसरलं तर हाताचं सांगता येत नाही, असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. सगुणाबाईने तिथल्याच भिंतीकडे तोंड करून सप्तशृंगीला हात जोडले. "इमानातली नोकरी नको. पोरीचा हात ठेव. अनवाणी चालत येते."

हात राहिला. पंधरवड्यात स्नेहल घरी आली.

सगुणाबाई मात्र नवस फेडायला गडावर गेली नाही. भरती चार महिन्यांवर होती. पोरीचं काम झालं की साडी-चोळीही न्यायची, एका वाटेत दोन्ही नवस फिटतील, असं तिने मनाशी धरलं. हिरवी साडी आणून ट्रंकेत ठेवली.

मधे ओझरची चैताली भेटायला आली. ती त्याच वर्गातली, दोन वर्षं विमानात होती. सँडल काढून बसली तेव्हा तिची पावलं सुजलेली दिसली. तीन वर्षांचा करार, दर महिन्याला वजनकाटा, चार किलो वाढले की घरी बसवतात, दिवसाला चार-चार उड्डाणं, जेवण पडद्याआड उभ्यानेच, आणि करार संपला की पुढचं कुणी सांगत नाही, असं सगळं तिने हसत हसत सांगितलं.

"मावशी, आम्ही वाढपीच हो. फक्त आमची पंगत हलते."

"हलू दे," स्नेहल म्हणाली. "मला वाढायचंय."

भरतीच्या दिवशी सगुणाबाई मुंबईला बरोबर गेली आणि बाहेर बाकावर जप करत बसली. स्नेहल लवकरच बाहेर आली. परतीच्या बसने कसारा घाट चढला. मग ती एवढंच म्हणाली, की गोंदण होतंच, आता डागही आहे, आणि डागसुद्धा चालत नाही.

"कुणी केलं, विचारलं का?"

"विचारलं. मी म्हटलं, मीच केलं."

महिन्याभरात पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये तिला काम लागलं. तिथे लांब बाह्यांचा कोट घालतात. हात कुणी बघत नाही.

देवीने ऐकलं नाही, असं सगुणाबाई कुणाजवळ म्हणाली नाही. देवीने ऐकलं होतं, शब्दाला शब्द. नोकरी नको, हे आपल्याच तोंडचं. हात मागितला, हात मिळाला, आणि चार महिने आपण तिला आणखी एका गोष्टीसाठी ताटकळत ठेवलं.

मंगळवारी सकाळी तिने पोरीची वेणी घातली. बिब्बा लावल्यापासून तिने त्या हाताला नमस्कार केला नव्हता. आज त्या तपकिरी डागावर बोट टेकवलं. खाली तुळशीची दोन-तीन पानं अजून हिरवी होती. बोट कपाळाला लावलं. स्नेहलने आईकडे पाहिलं आणि डबा उचलून टेम्पो गाठायला निघाली.

तिची पाठ वळल्यावर सगुणाबाईने पिशवीत नारळ आणि हळदकुंकू घेतलं. ट्रंक उघडली नाही. शेजारच्या लताबाईंकडे किल्ली दिली, दोन दिवस पोरीकडे बघा म्हणून सांगितलं. चपला दाराआड सरकवल्या आणि ती गडाकडे जाणाऱ्या दिंडोरीच्या रस्त्याला लागली.