पहिल्या येणाऱ्याचं नाव

कोंबड्याच्या पत्राला आबांनी उत्तर दिलंच नव्हतं. सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर होणाऱ्या या मित्राला सगळे कोंबडा म्हणत. कोणीतरी परक्यांना अडवणाऱ्या फायरवॉलचा एक नियम काढून टाकला, बाहेरचे लोक ऑफिसच्या संगणकांत घुसले आणि नियम कोणी बदलला याच्या नोंदीत कोंबड्याचं नाव निघालं. त्याची नोकरी गेली. "मी केलं नाही. तुला तरी पटतं ना?" एवढंच त्याने लिहिलं होतं. नोंद खोटं कशाला बोलेल, असं वाटून आबांचा हात लिहायला उठला नव्हता.

आज त्याच नोंदी ठेवणाऱ्या कोडमधला बदल आबांकडे तपासायला आला. बदल करणारी मुलगी शेजारीच बसली होती.

"आबा, फायरवॉल सांभाळतात त्या खोलीत सकाळी जो पहिला येईल तो लॉगिन करतो आणि दिवसभर सगळे त्याच मशीनवर कामं उरकतात. नोंदीत नाव मात्र त्या एकाचंच. लवकर येणाऱ्याच्या माथी गावभरची पापं! आता प्रत्येक बदलाला ज्याचा त्याचा पासवर्ड लागेल."

"आणि जुन्या नोंदी?"

"करणाऱ्याचं नाव त्यांत कधी लिहिलंच नाही, तर आता काढणार कुठून?"

आबांनी बदल पुन्हा वरपासून वाचला. कोडमध्ये खोट काढायला जागा नव्हती. त्यांनी बदल मंजूर केला.

मग त्यांनी कोरा कागद ओढला. 'मला पटतं. पण आता ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही, मलाही नाही.' आणखी काही सुचेना. कोंबडा अजून त्या पत्रातल्या पत्त्यावरच राहतो की नाही, हेही ठाऊक नव्हतं. तरी पाकिटावर तोच पत्ता घालून, घरी जाताना त्यांनी ते टपालपेटीत टाकलं.