हिरवी चकती

शेजारणींनी तिचं नाव लेबलबाई ठेवलं होतं आणि ते तिच्या कानावरही आलं होतं. ठेवू देत. त्यांच्या पोरांचा घसा पाच मिनिटांत सुजून बंद व्हायला लागला की बघू कोण दात काढतं ते.

ती छापखान्यात होती. औषधांच्या, सॉसच्या, शाम्पूच्या बाटल्यांची लेबलं तिच्या टेबलावरून जायची. एक अक्षर चुकलं तरी ती अख्खा गठ्ठा माघारी धाडायची, म्हणून मशीनवाले तिला टरकून असत. तिची लेक भिंगरी आता पाच वर्षांची. ती वर्षाची असताना शेंगदाणा तिच्या जिवावर बेततो हे कळलं आणि तिने स्वयंपाकघराचाही छापखाना केला. हिरवी चकती चिकटवलेल्या डब्यातलं भिंगरीने डोळे मिटून खावं. लाल चकतीला हात लावायचा नाही. शेंगदाणा घरातून हद्दपारच करायचा होता तिला, पण नवरा म्हणाला, "आम्ही काय पाप केलंय?" मग तडजोड झाली आणि लाल डबे सगळ्यात वरच्या फळीवर गेले. चकत्यांचा कागद तिने छापखान्यातून खास निवडून आणला होता. पाण्याने निघणार नाही, तेलाने निघणार नाही, असा.

एवढं करूनही कुणाला त्याचं काही होतं का? नणंद म्हणायची, "थोडं थोडं देत जा, सवय होईल." नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. लोकांच्या फ्रिजमधली गळती त्याला वासावरून कळायची, पण घरात मात्र "तू जरा अतीच करतेस" यापलीकडे त्याची मजल जात नसे. सासूबाई काहीच म्हणत नसत, आणि तेच जास्त डोक्यात जायचं. त्या मान हलवत आणि आपलं काम करत. बरणी रिकामी झाली रे झाली की घासून, उन्हात वाळवून पुन्हा भरून ठेवायची, हा त्यांचा जन्माचा नेम. रिकामी बरणी त्यांच्या डोळ्यांत खुपायची.

त्या शनिवारी तीनला छापखान्यातली पाळी संपवून लेबलबाई आली ती तणतणतच. सायबाने सगळ्यांदेखत तिची चूक काढली होती आणि ती चूक तिची नव्हतीच. सासूबाई गच्चीवर कपडे काढायला गेल्या होत्या. भिंगरी भूक भूक करत पायात घोटाळत होती. खालच्या फळीवर बिस्किटांची बरणी नाही. मधल्या फळीवरही नाही. तिने वर पाहिलं, तर लाल डब्यांच्या रांगेत हिरव्या चकतीची बरणी!

"घ्या! हिरवं वर, लाल खाली, काय वाट्टेल ते करा," ती भिंतीला म्हणाली. "या घरात माझं ऐकतं कोण?"

स्टूल ओढून तिने बरणी काढली आणि दोन बिस्किटं लेकीच्या हातावर ठेवली. भिंगरीने एक नाकाशी धरलं.

"मम्मी, याचा वास वेगळा येतोय."

"हिरवं आहे ना? मग खा गुपचूप. आधीच डोकं फिरलंय माझं."

भिंगरी गुणी पोर. तिने खाल्लं.

आधी तिने मान खाजवली. मग ओठ फुगले. मग ती खोकली, आणि तो खोकला साधा नव्हता. पुढचं मात्र तिने बिनचूक केलं. दारामागच्या खिळ्यावरची पिशवी, पिशवीतलं अशा वेळेसाठीच ठेवलेलं इंजेक्शनचं पेन, टोपण काढून फ्रॉकवरूनच मांडीत दाबलं आणि मोठ्याने दहा आकडे मोजले. शेजारच्या ड्रायव्हरने गाडी काढली. काय खाल्लं ते सोबत आणत जा, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं, म्हणून तिने बरणीही काखेत मारली.

दवाखान्यात पाच वाजेपर्यंत भिंगरीच्या गालांवर रंग आला. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून ती झोपली होती. "वेळेवर दिलंत म्हणून निभावलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजची रात्र इथेच ठेवू."

तेवढ्यात नवरा धापा टाकत आला. हाताला ग्रीस तसंच. मागून सासूबाई, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात त्याची.

लेबलबाईने बरणी त्यांच्यासमोर आदळली. "हे कोणी भरलं?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या आत्याने सकाळी आणून दिली बिस्किटं, याच्यासाठी म्हणून. बरणी रिकामी होती."

"शेंगदाण्याची बिस्किटं? हिरव्या बरणीत?"

"चकती निघेना गं. गरम पाण्यात ठेवली, सुरीने खरवडली. शेवटी वरच्या फळीवर ठेवली. म्हटलं, वरचं तिला कोणी देत नाही."

मग लेबलबाईचा बांध फुटला. चार वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. नणंदेची अक्कल, नवऱ्याचं "अती", शेजारणींचं हसू, सगळं तिने त्या एका म्हातारीच्या डोक्यावर ओतलं. "मारायला निघालात माझ्या पोरीला!" ती किंचाळली. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. नर्स धावत आली, "हळू बोला," म्हणाली, पण ऐकतंय कोण.

आणि नवरा! आजवर अती-अती करणारा गडी घाबरला होता आणि घाबरून एका क्षणात बायकोच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "आई, पुरे झालं. उद्यापासून तू ताईकडे राहा."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

लेबलबाईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, मनापासून बरं वाटलं. शेवटी कोणीतरी आपली बाजू घेतली.

"आजीला नको ना ओरडू."

भिंगरी जागी झाली होती. आवाज घोगरा, डोळे अर्धे मिटलेले. "मी मम्मीला सांगितलं होतं. वास वेगळा येतोय म्हणून."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. "काय सांगितलं होतं?"

गुंगीत बोलतेय, असं म्हणता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. तिने ते गिळले.

"सांगितलं होतं तिने. मी म्हटलं, हिरवं आहे, खा."

नवऱ्याने मान फिरवली, सासूबाईंनी भिंगरीचं पांघरूण सारखं केलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. स्वतःचा इतका संताप तिला कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर माणूस नव्हतं.

"मम्मी," भिंगरीने विचारलं, "मग आता हिरवं असलं तर खायचं की नाही?"

"वास वेगळा आला तर नाही खायचं. मी सांगितलं तरी नाही. मी ओरडले तरी नाही."

"तू ओरडतेसच," भिंगरी म्हणाली आणि पुन्हा झोपली.

लेबलबाईने बरणी मांडीवर घेतली आणि नखाने चकती खरवडायला लागली. कड सुटेना. ती जोर लावत राहिली, नख तुटलं, बोटाला रक्त आलं. हिरवी चकती जागची हलली नाही.

सासूबाईंनी तिच्या हातातून बरणी काढून घेतली.

"मी चार वेळा घासलीय ती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "कागद मात्र चांगला आणलास हो."