घड्याळ दिलेली बाई

नोरीन ग्रिमशॉच्या निरोपासाठी शाळेने जो केक आणला होता, त्यावर साखरेची नोरीनच काढलेली होती. अंगात लांब पिवळा कोट, डोक्यावर टोपी आणि हातात ती उंच काठी, जिच्या टोकाला 'थांबा' लिहिलेली गोल पाटी असते. त्या काठीमुळे तिला सगळं रॅमस्डेन गाव लॉलीपॉप बाई म्हणायचं. वीसेक वर्षं ती रोज सकाळ-दुपार शाळेसमोरच्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती, लॉऱ्या अडवल्या होत्या आणि पोरं पलीकडे पोचवली होती. उत्तर इंग्लंडातल्या लँकशरचा पाऊस एवढ्या वर्षांत तिच्या गुडघ्यांत राहायला आला होता आणि अलीकडे तर घरमालकाच्या तोऱ्यात वागत होता. पण साठी आली की पेन्शन, आणि पेन्शन आली की काठी दाराआड नि पाय शेगडीपुढे, असं तिचं ठरलेलं होतं. तिच्या आईचं तेच झालं होतं, आजीचंही तेच. यात विचारण्यासारखं काही असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

समारंभात हेडमास्तर एन्टविसल बोलायला उभे राहिले. हा मनुष्य खाकरल्याशिवाय तोंड उघडत नसे, आणि विषय जितका अवघड तितकं खाकरणं लांबे. त्या शुक्रवारी ते इतके खाकरले की कोणीतरी पाणी आणून दिलं. नोरीनला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"मिसेस ग्रिमशॉ आता विश्रांती घेणार," ते म्हणाले. "म्हणजे... यथावकाश... आपल्या सर्वांना ठाऊक आहेच... तर, हे घड्याळ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण आपापल्या बुटांकडे बघून. शेजारची डॉट तर हमसून हमसून रडली. शेजारीण निवृत्त होऊन घरी बसणार आणि रोज चहाला सोबत होणार, यात एवढं रडण्यासारखं काय होतं, हे नोरीनला कळेना. तिने डॉटला रुमाल दिला आणि केकवरची साखरेची काठी स्वतः खाल्ली.

सोमवारी तिने पेन्शनच्या कचेरीला फोन लावला. पैसे कोणत्या वारी जमा होतात, एवढंच तिला विचारायचं होतं. बराच वेळ कानात व्हायोलिन वाजत राहिलं, मग एक गोड आवाज आला.

"होईल की सुरू तुमची पेन्शन. सहासष्ट पूर्ण झाली की."

"साठ," नोरीन म्हणाली.

"सहासष्ट."

"अहो बाई, माझी साठी मागच्या आठवड्यात झाली. केक खाल्लाय मी तिचा."

"वाढदिवसाच्या शुभेच्छा," आवाज म्हणाला. "पण कायदा कधीच बदललाय. आधी पासष्ट केलं होतं, मग त्यात अजून एक घातलं. पुरुषांच्या बरोबरीला आणलंय तुम्हा बायकांना. समानता आहे ही."

"जन्मभर पगार घेताना ही समानता कुठे दिसली नाही मला. नेमकी माझ्या गुडघ्यांच्याच वेळी कशी आली?"

"पगाराचं खातं वेगळं आहे. नंबर देऊ का?"

"आणि मला कळवायचं कोणी?"

"कळवलं होतं ना आम्ही."

"कोणाला?"

"सर्वसाधारणपणे," आवाज म्हणाला, आणि अजून काही मदत हवी आहे का, हेही अगत्याने विचारलं.

नोरीनने फोन ठेवला आणि ती तशीच कोट न घालता शेजारी गेली. डॉट तिच्याहून पाच वर्षांनी मोठी. त्यामुळे ती या कायद्यातून सहीसलामत सुटली होती, आणि शाळेच्या स्वयंपाकघरातून साठाव्या वर्षी घरी येऊन, खिडकीत बसून गावावर नजर ठेवत होती.

"डॉट, तुला माहीत होतं?"

डॉटने आधी चहाचं पाणी ठेवलं. वाईट बातमी, मग ती कोणाचीही असो, त्या गावात चहाचं पाणी ठेवल्याशिवाय बोलायची पद्धत नाही.

"अगं, सगळ्यांनाच माहीत होतं."

"सगळ्यांना? हेडमास्तरांना?"

"त्यांनीच तर विषय काढला आधी. म्हणाले, मिसेस ग्रिमशॉंना याची कल्पना असेल ना? मग आम्ही म्हटलं, असेल बाई. फ्रँक गेला तरी बायकोसाठी मागे काहीतरी ठेवलं असेल त्याने."

"फ्रँकने मागे टोमॅटोचं काचघर ठेवलंय. त्याच्याही दोन काचा फुटलेल्या."

"ते आम्हाला काय ठाऊक?"

"मग विचारायचं होतंस की गं मला! भिंतीला भिंत लागून आहे आपली."

डॉटने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू नोरीनने तिला चर्चमध्ये नाचायला सांगितलं होतं. "अगं, बाईचं वय आणि बाईचे पैसे? एकाच वाक्यात? मला काय आईबापांनी काही शिकवलं नाही की काय? आणि घड्याळाला मी माझा वाटा दिलाय हो. चांगलं घड्याळ आहे ते."

नोरीनला तिचा गळा आवळावासा वाटला, पण चहा आला होता म्हणून तिने तो प्यायला. घरी परतल्यावर मात्र तिने डब्यातले पैसे मोजले. जवळ होतं ते कसंबसं उन्हाळ्यापर्यंत पुरलं असतं. पुढची वर्षं काय काचघरातले टोमॅटो खाऊन काढायची? ज्या नोकरीतून सुटायचं म्हणून ती दिवस मोजत होती, तीच नोकरी आता परत मिळवायला हवी होती. आणि साठीच्या बाईला दुसरं कोण उभं करणार होतं?

हेडमास्तरांच्या खोलीत खाकरण्याचा मोठा कार्यक्रम झाला.

"जागा भरली, मिसेस ग्रिमशॉ. मिस्टर टॅटरसॉल आजपासून रुजू झाले."

"नगरपालिकेतले टॅटरसॉल? ते तर दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले. पंचावन्नाव्या वर्षी, पालिकेची वेगळी पेन्शन घेऊन."

"हो. घरी कंटाळतात म्हणे. मोकळी हवा हवी होती त्यांना." हेडमास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मोकळी हवा आडवा पाऊस मारत होती. "आणि शिवाय, असं बघा, तुम्हाला घड्याळ दिलंय. घड्याळ दिलेलं माणूस परत आल्याचं आमच्याकडे उदाहरण नाही."

"घड्याळ परत देते."

"केकचं काय करणार?" ते हळूच म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

नोरीन घरी आली. दाराआड तिची काठी उभी होती. पालिकेने टॅटरसॉलला कोरी काठी दिली होती, आणि समारंभाच्या दिवशी नोरीनकडे जुनी काठी मागायची कोणाची छाती झाली नव्हती, कारण असं मागणं बरं दिसलं नसतं. नोरीन त्या काठीकडे बघत बसली. हळूहळू तिच्या लक्षात आलं की जी माणसं भिडेपोटी 'तुझी पेन्शन नाही' हे सांगू शकली नाहीत, ती भिडेपोटी 'तुझी नोकरी नाही' हे तरी कुठल्या तोंडाने सांगणार?

मंगळवारी सकाळी ती पिवळा कोट चढवून आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

पलीकडच्या फुटपाथवर टॅटरसॉल आले. कोट कोरा, काठी कोरी, मिशा नुकत्याच कातरलेल्या. त्यांनी नोरीनला पाहिलं, तिच्या काठीला पाहिलं, आणि टोपीला हात लावला.

"सकाळ गार आहे आज."

"गारच म्हणायची," नोरीन म्हणाली.

झालं, तेवढ्यावर विषय संपला. दोघंही एकदमच रस्त्याच्या मधोमध आली.

"आधी तुम्ही, मिसेस ग्रिमशॉ."

"छे छे, तुम्हीच."

"माझा आग्रह आहे."

दोन 'थांबा' एकमेकांसमोर उभे, आणि दोन्हीकडे गाड्यांची रांग पार टेकडीपर्यंत. एकानेही भोंगा वाजवला नाही. भोंगा वाजवणं म्हणजे या गावात शिवी देणं. बसचा ड्रायव्हर खिडकी खाली करून "काही घाई नाही हं," एवढंच म्हणाला, आणि त्यातच काय ते सगळं आलं. पोरांना मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. ती एकदा नोरीनच्या काठीखालून पलीकडे जात आणि टॅटरसॉलच्या काठीखालून परत अलीकडे येत. शाळेची घंटा होऊन गेली तरी निम्मी शाळा रस्त्यावरच होती.

बुधवारी तेच, गुरुवारी तेच. हेडमास्तर खिडकीतून बघत आणि पडदा ओढून घेत. पालकांनी आपसांत ठरवून टाकलं की शाळेने सुरक्षितता वाढवली आहे. पालिकेचा एक साहेब पाहणीला आला, दोघांनाही "छान चाललंय" म्हणाला आणि घाईघाईने गाडीत बसला.

शुक्रवारी पावसाने जोर धरला. नोरीनच्या उजव्या गुडघ्याने सकाळीच बंड पुकारलं होतं. रस्त्याच्या मधे पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि समोर टॅटरसॉल, मोकळ्या हवेने गुलाबी झालेले, हसून म्हणाले, "आधी तुम्ही."

त्या हसण्याने नोरीनचं डोकं फिरलं. तिने काठी जमिनीवर आपटली.

"टॅटरसॉल, तुमचं वय काय?"

बसच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"मी... सत्तावन्न," टॅटरसॉल पुटपुटले.

"आणि पेन्शन किती मिळते?"

फुटपाथवर एका आईने आपल्या पोराचे कान झाकले. खिडकीतून सगळं पाहणारी डॉट नंतर शपथेवर सांगायची, की तिने उभ्या जन्मात भर रस्त्यात एवढं घाणेरडं काही ऐकलं नव्हतं.

"मिसेस ग्रिमशॉ, लोक ऐकताहेत..."

"ऐकू देत! मी साठ वर्षांची आहे. मला पेन्शन मिळत नाही, अजून सहा वर्षं मिळणार नाही. घरात काही नाही. नवऱ्याने काही ठेवलेलं नाही. माझे गुडघे गेलेत, आणि मला ही नोकरी नकोय, टॅटरसॉल, अजिबात नकोय! पण मला ती लागणार आहे. तुम्हाला कशाला लागते?"

टॅटरसॉलच्या मिशांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मदतीला कोणी येईना.

"बायको म्हणते, मी घरात असलो की पायात येतो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"मग टोमॅटो लावा. माझं काचघर आहे, वापरा खुशाल. दोन काचा तेवढ्या बसवून घ्या."

टॅटरसॉलनी कोऱ्या काठीकडे पाहिलं. मग ती काखेत मारून, टोपीला हात लावून ते फुटपाथवर चढले आणि चालू लागले. नोरीनने आपली काठी उचलली. दोन्हीकडच्या गाड्या थांबलेल्याच होत्या. पोरं मुकाट्याने, रांगेत, तिच्यासमोरून पलीकडे गेली. तिने लढाई जिंकली होती, आणि जिंकून मिळालं काय, तर सहा वर्षांचा पाऊस. तिच्या डोळ्यांना धार लागली. आया म्हणाल्या, वारा बोचरा आहे आज.

पालिकेत सारवासारव झाली. किरकोळ गैरसमज होता, असं हेडमास्तरांनी कळवलं आणि पालिकेने ते सुटकेचा निःश्वास टाकून मान्य केलं. पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर हेडमास्तर छत्री घेऊन स्वतः फुटपाथवर आले. भरपूर खाकरले.

"मिसेस ग्रिमशॉ, ते घड्याळ... परत मागत नाही, गैरसमज नको. पण तुम्ही ते सहा वर्षं नीट सांभाळून ठेवलंत, तर त्या वेळी पुन्हा वर्गणी काढावी लागणार नाही."

"ठेवीन," नोरीन म्हणाली.

"केक मात्र नवा आणू."

"आणा. पण केक सांगायच्या आधी सरकारला विचारून घ्या, की तारीख अजून पुढे गेलीय का." तिने काठी खांद्यावर टाकली आणि उजवा पाय सांभाळत फुटपाथवरून खाली उतरली. मग थांबली, वळली. "आणि गेली असेल, तर या वेळी मला सांगा. असभ्य वाटलं तरी सांगा."