विणकर आजोबांच्या कानामागे

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. कानामागे मावेल एवढाच माझा जीव, पण मिजास मोठी! दुकानात मी काचेआड मिरवले. मग एका विणकर आजोबांच्या कानाचा साचा घेऊन माझे टोक घडवले आणि मी त्यांचे झाले. पहिल्याच दिवशी ते आजीला म्हणाले, "अगं, तू एवढी ओरडतेस होय?" सारे घर पोट धरून हसले.

त्या घरात खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड होते. दिवसभर खडखडाट. त्यामुळे सगळेच हातवारे करून, ओठ हलवून बोलत. मागाच्या आवाजाने आजोबांचे कान गेले, असेच सारे धरून चालले होते. त्यांना लहानपणापासूनच कमी ऐकू येते, हे कोणी मनावर घेतले नाही.

मग नात झाली. हात केला की ती धावत यायची, ओठांकडे टक लावून बघायची. बोलत नव्हती, तर आजी म्हणे, "बोलेल सावकाश. आपल्या घरात बोलतंय तरी कोण?" अशी तीन वर्षे गेली.

एके दुपारी वीज गेली, माग थांबले. सुनेने लेकीला पाठीमागून हाका मारल्या. पोरीने मान वळवली नाही.

आजीने सुनेलाच बोल लावला, "पोटुशी असताना मागापाशी बसू नको म्हणत होते ना!" सून लेकीला उराशी धरून रडू लागली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांच्या तपासण्या केल्या. "यात कोणाची चूक नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. ऐकण्याच्या या जनुकाची एकच प्रत बिघडलेली असेल तर ऐकू येतं. हिच्या आईवडिलांचं तसंच आहे. हिला मात्र दोन्ही बिघडलेल्या आल्या. आजोबांनाही. यंत्र लावू, शिकवू. पण बोलणं शिकायची पहिली वर्षं हातची गेली."

"म्हणजे माझ्याकडूनही आलं," आजोबा पुटपुटले.

घरी येताच त्यांनी मला काढले आणि नातीच्या कानात घालू लागले. मी त्यांच्या मापाचे, त्या इवल्याशा कानात कसे बसणार? फट राहिली आणि माझी कर्कश शिट्टी सुरू झाली. आजीने कान झाकले, सून दाराआड गेली. आजोबा आणि नात मात्र एकमेकांकडे बघून हसत होते. दोघांनाही ती शिट्टी ऐकू येत नव्हती. मला फार रडू आले.

मित्रांनो, बाळ हसते, धावत येते, एवढ्यावर विसंबू नका. जन्मताच त्याचे कान तपासून घ्या, घरात कोणाला कमी ऐकू येत असेल तर नक्कीच. आमच्या चिमुरडीला आता नवे यंत्र लागले आहे. आईचा आवाज तिच्या कानापर्यंत पोहोचतो. पण तो आपल्यालाच बोलावतो आहे, हे तिला अजून कळत नाही.