चार जंगलांचा बेत

जुन्नरच्या पेठेत कापडाचं दुकान चालवणारे चांदमलशेठ दिवाळीआधी जसा माल भरतात, तसाच त्यांनी आफ्रिकेच्या सफारीचा बेत आखला. रिकामा कोपरा म्हणून ठेवला नाही. आठवड्यात चार जंगलं. पहाटे उठून सिंह बघायचे, दुपारी सामान बांधून पुढच्या जंगलाकडे पळायचं, अंधार पडेस्तोवर हत्ती, गेंडे, जिराफ, आणि मुक्कामाला पोचून रात्री आठला जेवण. आजवर नवराबायको कुठं गेले असतील तर तीर्थाला, तेही बसभर नातेवाइकांच्या गराड्यात. या वेळी फक्त शेठ आणि सज्जनबाई. शेठना त्याचाच लई हुरूप होता.

आणि सज्जनबाईंनी येत नाही म्हणून सांगून टाकलं.

कारण काय, तर गुडघे. जीपमध्ये बसायला गुडघे कशाला लागतात, असं शेठनी विचारलं, तर म्हणे विमानात कान दुखतात. ज्या बाईनं विमान फक्त खालून बघितलंय, तिचे कान कुठल्या विमानात दुखले? शेठ असे चिडले की दुकानात दिवसभर ताग्यांची आपटाआपट चालली. त्यात पिंपरी पेंढारचा गेणूभाऊ टॉवेल घ्यायला आला आणि बिबट्या बघायला एवढ्या लांब कशाला जाता, आमच्या उसात या की, म्हणून टिंगल करून गेला. शेठ हसले, पण आतून पार खट्टू झाले. एकट्यानं जाऊन सिंहाचं तोंड बघण्यात काय मजा? रात्री पुण्याला जिनेशला, म्हणजे मुलाला, फोन करायचा आणि सगळं रद्द करून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

नेमकी त्या संध्याकाळी पेठेतली वीज गेली ती येईचना. दुकानात काळोख, गिऱ्हाईक नाही. शेठ कधी नव्हे ते ऊन असतानाच घरी आले.

स्वयंपाकघरात खिडकीजवळ सज्जनबाई एकट्याच जेवत होत्या. एक डोळा ताटावर, एक बाहेरच्या उन्हावर. घाईघाईनं शेवटचा घास घेतला, कण वाया जाऊ नये म्हणून ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकलं, आणि हात जोडून डोळे मिटले. आता उद्या सूर्य उगवेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. जैनांत चौविहार म्हणतात त्याला. नवी नवरी होऊन आल्यापासून बाई तो पाळत आल्या होत्या.

आता हे शेठना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? ठाऊक होतं. पण दुकान बंद करून घरी यायला त्यांना रात्रीचे नऊ व्हायचे. बाई गरम गरम वाढायच्या आणि समोर बसून राहायच्या. सुट्टीच्या दिवशी शेठ मालासाठी पुण्याला. बायकोला संध्याकाळचं जेवताना शेवटचं कधी बघितलं, ते त्यांना आठवेना. जे दिसलं नाही ते हिशेबात धरलं नाही, आणि आफ्रिकेत रोज रात्री आठला जेवण ठेवून गडी मोकळा. म्हणजे या बाईनं तिथं आठवडाभर उपाशी झोपायचं. शाबास चांदमल, असं ते स्वतःलाच म्हणाले.

"अगं, आधी का नाय बोललीस?"

"बोलले असते तर तुमी जाणंच रद्द केलं असतं," बाई म्हणाल्या. "मग तुमच्या हौसेचं काय?"

शेठनी तिथंच उभ्याउभ्या सुनेला, रिद्धीला फोन लावला. चार जंगलं फार होतात हे ती पहिल्यापासून सांगत होती, ऐकतंय कोण? तिनं लगेच सफारीवाल्यांशी बोलून घेतलं आणि अर्ध्या तासात उलट फोन केला. तीन जंगलं कापली. एकाच जंगलात, पाणवठ्याकाठच्या तंबूत सगळे मुक्काम. सकाळी उजाडल्यावर एक फेरी, दुपारी आराम, मग जवळचीच एक फेरी आणि उन्हं असतानाच परत. उकळलेलं पाणी मिळेल, कांदाबटाटा नसलेलं जेवण सूर्य बुडायच्या आत तंबूसमोर येईल. हत्तींच्या मागं पळायचं कारण नाही, संध्याकाळी पाण्यावर तेच येतात.

तीन जंगलं गेली म्हणून जीव हळहळेल असं शेठना वाटलं होतं. उलट छाती हलकी झाली. खरं सांगायचं तर त्या खड्ड्यांच्या रस्त्यांची धास्ती त्यांच्याच कमरेनं जास्त घेतली होती, पण बेत स्वतःचा, बोलायची सोय नव्हती. त्यांनी मोठ्या ऐटीत बाईंना सगळं सांगितलं, जसं काही आधीपासून हेच मनात होतं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. सिंहाचं काही विचारलं नाही, विमानाचं नाही, आणि गुडघ्यांचं तर नावच नाही.

"आणि तुमी कधी जेवणार?"

"तुझ्याबरोबरच की. तिथं मला कुठलं दुकान?"

"रोज?"

"रोज."

बाई म्हणाल्या, "जिनेशच्या लग्नात जेवलो व्हतो आपण बरोबर. त्यानंतर नाय."

शेठची मान काही वर होईना.

"येते मी," सज्जनबाई म्हणाल्या.